सातासमुद्रांपलीकडील रविवारची शाळा

अडतीस वर्षे जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून खडू झिजविल्यावर पुनरपि वर्गात उभे राहावयाचा योग येईल, असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु 2024 च्या भाद्रपदात चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात एडिसन या गावी सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलो, आणि तेथे पोहोचून आठवडा लोटतो न लोटतो तोच सूनबाईंनी एके रात्री जेवणे उरकल्यावर जरा चाचरतच विचारले, "बाबा, रविवारी मराठी शाळेत याल का? शिकवायला माणसं कमी पडतात." वेतन काही नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. आम्ही लगेच होकार दिला. वेतनाचे आमचे दिवस 2016 सालीच संपले होते, आणि खरे सांगावयाचे तर त्या आठ दिवसांतच रिकामपणाने आम्ही हैराण झालो होतो.

हे एडिसन गाव विजेच्या दिव्याचे माहेर होय. थॉमस एडिसन याची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा याच गावच्या हद्दीत होती. 1879 साली तेथे दिवा पेटला, आणि पुढे 1954 साली गावाने आपले जुने नाव टाकून त्याचे नाव धारण केले. आज या भागात हिंदी लोकांची वस्ती एवढी दाट आहे की, ओक ट्री नामक रस्त्यावरून चालताना पोळपाट-लाटण्यापासून पूजेच्या कापरापर्यंत सर्व वस्तू मिळतात. गुजराती दुकानदाराने आमच्याशी प्रथम गुजरातीत, मग हिंदीत व अखेर मोडक्यातोडक्या मराठीत संभाषण केले. इंग्रजीची पाळी आलीच नाही.

शाळा भरते ती तेथील एका सरकारी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या चार-पाच खोल्यांतून, दर रविवारी सकाळी दहा ते बारा. मुले चाळीसच्या आसपास, शिकविणारी माणसे आठ. या आठांपैकी एकही जण पेशाने शिक्षक नाही. कोणी संगणकाच्या कचेरीत, कोणी औषधाच्या कारखान्यात, एक बाई दंतवैद्य. आठवड्याचे पाच दिवस नोकरी, शनिवारी घरची कामे, आणि उरलेला एक दिवस दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकविण्यात घालविणारी ही मंडळी पाहून आम्हांस मनातल्या मनात थोडी शरम वाटली. आम्ही तर पगार घेऊन शिकविले होते! उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था जे बृहन्महाराष्ट्र मंडळ, ते 1981 साली स्थापन झाले. त्याच्या छत्राखाली अशा शाळा गावोगावी चालतात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या साहाय्याने मुलांच्या परीक्षाही होतात. काही ठिकाणी मोठ्या मुलांना त्यांच्या इंग्रजी शाळेत परकी भाषा म्हणून मराठीचे गुण धरले जातात, व त्या लोभाने येणारी मुलेही असतात. प्रथम हे आम्हांस रुचले नाही. मग आठवले की आम्ही स्वतः संस्कृत घेतले ते आजोबांच्या धाकाने. विद्येच्या दारात कोण कोणत्या निमित्ताने येतो, याची चौकशी करण्यात अर्थ नाही.

शाळेचे नियम मात्र आम्हांस नवे होते. खोली जशी मिळाली तशीच परत करावयाची; सोमवारी तेथील शिक्षिकेला आपली एक खुर्चीही हललेली दिसता कामा नये. खोलीचे दार उघडे ठेवावयाचे, आणि एकट्या मुलाबरोबर एकट्या शिक्षकाने बसावयाचे नाही. पाठीवर थाप मारावयाची तर तीही विचारून. छडी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्याकडेही गेलीच आहे. परंतु शाबासकीचीही परवानगी मागावी लागेल, हे आम्हांस ठाऊक नव्हते. खाऊच्या बाबतीत तर याहून कडक शिस्त. संक्रांतीच्या नंतरच्या रविवारी आमच्या सौ.नी मोठ्या हौसेने केलेले तिळगुळाचे लाडू घेऊन आम्ही वर्गात शिरलो, तो दंतवैद्य बाईंनी धावत येऊन डबाच काढून घेतला. लाडवांत दाण्याचे कूट होते, आणि वर्गातील एका मुलीस शेंगदाणा विषासमान. त्या दिवशी मुलांना नुसता हलवा मिळाला. लाडू आम्ही सर्व शिक्षकांनी मोटारगाड्यांच्या तळावर, थंडीत कुडकुडत उभ्याउभ्याने खाल्ले.

आठवड्याचा आमचा क्रमही या दोन तासांभोवती फिरू लागला. पहाटे पाचला उठून स्नानसंध्या. आठ वाजता घर रिकामे होई. नातू पिवळ्या मोटारीतून शाळेत जाई, मुलगा व सूनबाई आपापल्या कामाला. मग जेवणाच्या मेजावर पुठ्ठे पसरून आम्ही अक्षरांचे पत्ते कापीत बसत असू. बुधवारी सायंकाळी दोन मागे पडलेल्या मुलांना पडद्यावरून पाठ. ही सोय 2020 च्या साथीनंतर सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, आम्हांस मात्र समोर नाक-डोळे दिसत असूनही मूल समोर नसल्याचे शेवटपर्यंत विचित्र वाटले. रात्री आठ वाजता धाकट्या बंधूंना जालन्यास दूरध्वनी, कारण तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. नोव्हेंबरात एका रविवारी ते लोक बहुतेक देशाची घड्याळे एक तास मागे घेतात. भ्रमणध्वनीतली घड्याळे आपोआप फिरली. आमच्या मनगटावरच्या जुन्या घड्याळास ती बुद्धी कोठून असणार? आम्ही पायीच निघालो, आणि त्या दिवशी बंद दारापाशी एक तास उभे राहिलो.

आता शिकविण्याविषयी. आम्हांस वाटले होते की, अक्षरे गिरविण्यातच या मुलांची दमछाक होईल. तसे झाले नाही. अक्षरे ती चित्रांसारखी चटकन उचलतात. अडते ते जिभेपाशी. 'वेळ' म्हणावयास जावे तो 'वेल' होतो, आणि 'काळा' कुत्रा दहीहंडीच्या 'काल्या'त जाऊन पडतो. लिपीत एक व उच्चारात दोन, असे जे आपले 'च' आणि 'ज', त्यांनी तर आम्हांलाच कोड्यात टाकले. चार बैलांना चारा घातला, या वाक्यात दोन 'चा' निरनिराळे आहेत, हे साठी उलटेपर्यंत कोणास समजावून देण्याची वेळ आमच्यावर आली नव्हती; जालन्याचे पोर ते आईच्या कडेवरच शिकून येते. एक चिमुरडी आम्हांस नेहमी "आजोबा, जरा थांबा" म्हणे, परंतु त्यातला 'ज' ती संस्कृताप्रमाणे तालव्य उच्चारी. संस्कृतात 'जरा' म्हणजे म्हातारपण. आम्हांस प्रत्येक वेळी वाटे की, ही वार्धक्यालाच थांब म्हणून दटावते आहे. तो उच्चार सुधारण्याची आम्ही फारशी घाई केली नाही.

लिंगविचाराने मुले रडकुंडीस येतात. खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते, असे का? यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. संस्कृतात पत्नी या एकाच अर्थाचे 'दार' पुल्लिंगी, 'भार्या' स्त्रीलिंगी आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी आहे, असे सांगून आम्ही त्यांचे समाधान केले. समाधान झाले की ती अधिकच घाबरली, हे निश्चित सांगता येत नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर आम्हांस आपलेच शब्द गिळावे लागले. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असेही म्हणावे, ही नवी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उडाला होता. आम्हीही पारावर बसून तावातावाने तिचा निषेध केला होता. येथे तीन रविवार 'एकोणऐंशी'शी झुंजल्यावर चौथ्या रविवारी आम्ही मुकाट्याने फळ्यावर 'सत्तर नऊ' लिहिले. मुलांना ते तत्काळ कळले, आणि मग त्यातूनच ती हळूहळू 'एकोणऐंशी'पर्यंत आलीही. पारावरच्या मंडळींस हे आम्ही अद्याप कळविलेले नाही.

संबोधनाचीही एक गंमत. मुले घरी आईला 'तू' म्हणतात, बापालाही 'तू' म्हणतात, आणि आजोबा तर पडद्यावर दिसणारे, तेही 'तू'. पहिल्या दिवशी सहा वर्षांच्या एका बटूने खुर्ची पुढे सरकवून आम्हांस "तू बस" असे फर्माविले. आमच्या अडतीस वर्षांच्या गुरुजीपणाला तो मोठाच धक्का होता. पण खुर्ची त्याने स्वतः ओढून आणली होती! मग आम्ही बसलो.

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती या 'आपण-तुम्ही'तूनच निघाली.

इंग्रजीत ज्याला एकच शब्द आहे, त्यासाठी मराठीत दोन आहेत: ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', आणि ऐकणाऱ्याला सामावून 'आपण'. प्रमाण हिंदीत हा भेद नाही, 'हम' दोन्हीकडे चालतो. गुजरातीत 'अमे' व 'आपणे' आहे, तेलुगूत 'मेमु' व 'मनमु'. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे फार जड जाते. ती "आम्ही आता खेळू या का?" असे आम्हांसच विचारतात. आमच्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा होता, त्याला मात्र हा भेद एका वाक्यात उमगला. त्याची आई खानदेशची, वडील तमिळ. आणि तमिळमध्येही 'नाम्' आणि 'नांगळ्' असे तेच दोन भाग आहेत. मुलगा अबोल पण तल्लख होता, आणि तो आमचा आवडता झाला हे लपविण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबरच्या 3 तारखेस केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या रविवारी शाळेत पेढे वाटले, आणि आम्ही भिंतीवर नकाशा लावून मोठ्या उत्साहात बोलू लागलो. गोदावरी कोठून निघते, आमच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान कोठे आहे, अंबडची मत्स्योदरी कोठे. बोलता बोलता आम्ही म्हणालो, "हा पाहा आपला महाराष्ट्र." त्यावर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "आपला नाही. तुमचा."

वर्गात दोन-तीन मुले हसली. पेढ्यांचा दिवस, मागे उभे असलेले आईबाप, आणि आमचा स्वभाव! आम्ही ताडकन विचारले, "मग तू कोठला?" तो काही बोलला नाही. आम्ही पुन्हा विचारले, आवाज चढवून. तो खाली पाहत राहिला, आणि पुढचे दोन रविवार शाळेत आला नाही.

जालन्यात मुले शाळेतून नाहीशी होतात त्याची कारणे आम्हांस पाठ होती. अंबड-घनसावंगीकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघत, बैलगाड्यांवर संसार चढे, आणि वर्ग अर्धा रिकामा होई. त्या मुलांची नावे हजेरीतून न काढता वैशाखापर्यंत वाट पाहत बसण्याची आम्हांस सवय होती. येथे उसाच्या जागी फुटबॉलचे सामने व वाढदिवसाच्या मेजवान्या असतात, असे समजून आम्ही पहिला रविवार सोडून दिला. दुसऱ्या रविवारी त्याच्या आईचा दूरध्वनी आला. बाई रागावलेल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, त्याला त्याच्या इंग्रजी शाळेतही हाच प्रश्न विचारतात, तू कुठला म्हणून. एडिसनचा म्हटलं तर, खरा कुठला म्हणून पुन्हा विचारतात. मराठी शाळेत तरी कुणी विचारणार नाही, असं त्याला वाटलं होतं."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या वडिलांची आठवण आली.

वडील 1930 च्या सुमाराचे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. प्राथमिक वर्गांपलीकडे शिक्षणाचे माध्यम मुख्यत्वे उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठही 1918 साली उर्दू माध्यमानेच सुरू झालेले. वडील शाळेत भूगोल व गणित उर्दूत शिकत, आणि सायंकाळी ओसरीवर आजोबा त्यांच्याकडून मराठी वाचून घेत. आजोबांना त्याबद्दल कोणी पै दिली नाही. सर्व संस्थानभर त्या काळी असेच चालले होते. हिप्परग्यास 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते, मग अंबाजोगाईस. 1937 साली आमच्या परतुरास, जे तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. या गोष्टी आता पुस्तकांत आहेत. ओसऱ्यांवरचे आजोबा कोणत्याच पुस्तकात नाहीत.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, आणि पुढे दोन वर्षांनी वडील नोकरीच्या शोधात पुण्यास गेले. एका कचेरीत त्यांनी अर्ज दिला व चार वाक्ये बोलले. त्यांच्या मराठीत 'दरख्वास्त', 'मोहरीर', 'इत्तला' असे शब्द सहज येत. समोरच्या गृहस्थाने हसून विचारले, "आपण मोगलाईतले काय हो? मराठी कोठे शिकलात?" वडील अर्ज तेथेच ठेवून परत आले. पुढे ते सत्तर वर्षांचे होईपर्यंत घरचा हिशेब उर्दू लिपीत लिहीत, आणि पुण्याच्या पाहुण्यांसमोर फारसे बोलत नसत. ज्या भाषेसाठी आजोबांनी दहा वर्षे रात्रीचे तेल जाळले, त्या भाषेच्या राजधानीत वडिलांना तिचा परका ठरविण्यास एक प्रश्न पुरला होता. तोच प्रश्न आम्ही पेढे वाटून विचारला होता.

सोमवारी सायंकाळी चिरंजिवांस बरोबर घेऊन आम्ही उभयता त्या मुलाच्या घरी गेलो. घरी त्याची तमिळ आजी आलेली होती. तिला व आमच्या सौ.ना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटांत दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि फोडणीचा वास आला. मुलगा समोर येऊन बसला. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले."

त्याने जरा विचार केला. मग मराठीतच विचारले, "आमचे म्हणजे तुमचे आणि कोणाचे?"

आम्ही त्याला सांगितले की, एकटा मनुष्यही स्वतःविषयी 'आम्ही' म्हणू शकतो. संस्कृतात तशी मोकळीक प्रत्यक्ष पाणिनीने आपल्या व्याकरणात दिली आहे. पाणिनी कोण, हेही थोडक्यात सांगितले. त्याने सर्व ऐकून घेतले. "म्हणजे चूक पण एकट्याची होत नाही?"

आमची लेखणी काय, जीभ काय, चाळीस वर्षे एकाच चाकोरीतून चाललेली. ती चाकोरी सोडणे किती कठीण असते ते त्या क्षणी कळले. आम्ही म्हणालो, "एकट्याचीच. माझे चुकले."

पुढच्या रविवारी तो आला. आमच्यात फार काही बोलणे झाले नाही. नकाशाचा पाठ आम्ही दुसऱ्या रीतीने पुन्हा घेतला: प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत जुन्या माणसाचे गाव शोधून तेथे टाचणी लावावयाची. टाचण्या निम्म्याच महाराष्ट्रात पडल्या. काही इंदूर-बडोद्यास, एक हैदराबादेस, एक थेट नैरोबीस, कारण त्या मुलीच्या पणजोबांनी तेथे दुकान घातले होते. त्या मुलाने दोन टाचण्या लावल्या, एक तंजावरास व एक एरंडोलास. तंजावरात दीडशेहून अधिक वर्षे भोसल्यांचे राज्य होते आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतील कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, हे आम्ही त्यास सांगितले. ते त्याच्या वडिलांनाही माहीत नव्हते असे त्याने नंतर कळविले. घरी आमचा स्वतःचा नातू, जो एरवी आमच्याशी 'हो' आणि 'नको' या दोन शब्दांवर भागवी, त्याने रात्री विचारले की आपली टाचणी कोठे. आम्ही जालना दाखविले. त्याने एक एडिसनलाही लावली.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळे पुन्हा एक तास पुढे गेली. या खेपेस आम्ही आदल्या रात्रीच आपले घड्याळ लावून ठेवले होते. तो आमचा शेवटचा तास. 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन्ही शब्द घालून एक-एक वाक्य लिहा, असे आम्ही सांगितले. बहुतेकांनी खेळण्याचे व खाण्याचे लिहिले. त्या मुलाच्या कागदावर होते: "आज आपण शाळेत आहोत. पुढच्या रविवारी आम्ही येणार, तुम्ही वीमानात."

दोन्ही सर्वनामे जागच्या जागी होती. आम्ही 'विमाना'ची वेलांटी तेवढी ऱ्हस्व केली आणि कागद त्याला परत दिला.